हात की लोखंड

"हात दाव," सटुप्पा लोहार म्हणाला.

मी सुरी घ्यायला आलो होतो, भविष्य विचारायला नव्हे. तरी उजवा हात पुढं केला. सटुप्पानं छपरातली एक काडी ओढली, माझ्या तळहातावर मनगटापासून मधल्या बोटाच्या बुडापर्यंत लावली आणि कट्कन मोडली.

"एवढं पातं."

"एवढंसं? मामा, मला सांबर सोलायचंय, वांगं न्हवं."

"तुझ्या मनात केवढं हाय?"

मी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दाखवलं. आजऱ्याच्या बाजारात तसली बघितली होती मी. पितळी मूठ, मुठीवर वाघाचं तोंड.

"बायजे," सटुप्पानं आत हाक मारली, "दौलू लढाईवर निघालाय. निरांजन घिऊन ये गं!"

आत बायजामामी खुदकन हसली. मला राग आला. त्या वर्षी मी तेवीस वर्षांचा होतो आणि कुणी हसलं तर ते माझ्या गोष्टीला हसावं, मला हसू नये, अशी माझी अट होती.

"ऐक आता," सटुप्पा भात्याची दोरी ओढत म्हणाला. "सांबर पडलं की उताणं घालायचं. कातड्याला बारकं भोक. त्यात दोन बोटं, बोटांच्या मधनं पातं, धार आभाळाकडं. बोटं म्होरं, सुरी मागनं. पातं बोटापरास लांब झालं की टोक कुठं गेलं ते हाताला कळत न्हाई. कोथळा फुटला की सगळ्या मटणाला शेणाचा वास. मग काय तुझ्या गोष्टी लावून खाणार लोक?"

"आणि मूठ?"

"खैराची."

"पितळेची चांगली दिसती."

"दिसती. रक्तानं बुळबुळीतबी हुती. हात सरकून धारेवर गेला की मग बस बोटं मोजत. खैर रक्त पितो आणि हाताला धरून ऱ्हातो. टोक बघ, असं जरा खाली झुकलेलं ठेवणार. टोक पाठीच्या रेषेत असलं की ते आधी घुसतं आणि मग इचारतं."

लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकचा मोडका पाटा त्यानं चार महिने जपून ठेवला होता, त्यातला तुकडा काढला. तो तापवला, ठोकला, परत तापवला. करंजाच्या तेलात बुडवला तेव्हा सगळ्या लोहारवाड्यात कडवट धूर झाला. मग परत मंद विस्तवावर धरून धारेला गव्हाचा रंग येईपर्यंत तो डोळा न हलवता बघत राहिला. सुरीला पाणी देताना, म्हणजे धारेला कडकपणा चढवताना, सटुप्पा बोलायचा नाही. आपण बोललो तर ऐकायचाही नाही. मला अशी माणसं आवडत नसत.

"धार कडक, पाठ मऊ," सगळं झाल्यावर तो म्हणाला. "समदीच कडक केली तर काच हुती. आणि आता शेवटचं. ही हाडावर चालवायची न्हाई. सांध्यातनं वाट असती, ती हिला आपसूक घावती. खुब्यातलं हाड फोडायला कोयता न्यायचा. ही पिळायची न्हाई, ठोकायची न्हाई. काय सांगितलं?"

"पिळायची न्हाई, ठोकायची न्हाई."

"परत सांग."

"मामा, मी काय पोरगं हाय?"

"न्हाईस. पोराला एकदा सांगून भागतं."

सुरीचं त्यानं काही घेतलं नाही. पारधीच्या, म्हणजे गावच्या शिकारीच्या, सुरीचं लोहार कधीच काही घेत नसे. तेव्हा शिकारीला बंदी यायची होती, आणि आमच्या घाटमाथ्यावरच्या गावात वर्षातून एकदा सगळा गाव मिळून रानात उतरायचा. बंदुकवाला एक, हाकारे चाळीस आणि सुरीवाला एक. पडलेलं जनावर उघडायचं आणि त्याचे वाटे घालायचे ते सुरीवाल्यानंच. बावीस वर्षं हे काम माझ्या बापाकडं होतं. त्याच्या डोळ्यांत फूल पडलं आणि काम माझ्याकडं आलं. नव्या सुरीनं उघडलेल्या पहिल्या जनावराचं काळीज लोहाराच्या घरी जायचं. तीच त्याची मजुरी, तोच मान.

पण त्या पहिल्याच जनावरात सुरी मोडली, तर रवळनाथाच्या देवळात पारधीचा म्होरक्या एकच प्रश्न विचारायचा. हात की लोखंड? सुरीवाल्यानं एका शब्दात सांगायचं. हात म्हटलं तर त्याची सुरी गेली, परत कधी मिळायची नाही. लोखंड म्हटलं तर लोहारानं भाता उतरवून देवळात आणून ठेवायचा, पुढच्या पारधीपर्यंत. वर्षभर त्या गावात लोहाराची भट्टी पेटायची नाही. सुरीवाल्याचा शब्द शेवटचा, कारण जनावर उघडताना त्याच्याजवळ कुणी थांबत नसे. खोटं बोलणाऱ्याचं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. देवापुढं कुणी खोटं बोलेल असं आमच्या आधीच्या लोकांना वाटलंच नसावं.

पारधीच्या सकाळी ओढ्याजवळच्या खडकावर आम्ही भाकरी सोडल्या. मी माझ्या बापाची आणि अस्वलाची गोष्ट सांगत होतो. त्यातलं अस्वल बापाकडं बिडी मागतं. बाप म्हणतो, एकच हाय. अस्वल म्हणतं, मग अर्धी अर्धी ओढू. लोक भाकरी हातात धरून हसत होते. म्होरक्या भरमू आण्णा, ज्याच्या मिश्यांनाही कधी हसू फुटत नसे, तोही हसत म्हणाला, "दौल्या, तुझा बाप बावीस वर्षांत बावीस शब्द बोलला नसंल. तू कुणाचा रं?"

त्या हसण्यात मी उठलो आणि कोयता तिथंच खडकावर राहिला.

दुपार कलायच्या आत सांबर पडलं. मोठा नर, शिंगांना अजून मखमल होती. एक गोळी, मानेत. भरमू आण्णानं जनावराच्या कपाळाला हात लावला, मग बाकीच्यांना घेऊन तो खांद्यावर न्यायची बल्ली तोडायला गेला. मी आणि सांबर, दोघंच राहिलो.

सटुप्पाची सुरी कातड्याखालून अशी गेली, जशी पाण्यात मासोळी. खोटं सांगत नाही. एरवी सांगतो, आत्ता नाही. बोटं पुढं, सुरी मागून. कोथळ्याला ओरखडासुद्धा नाही. आतडी अख्खी बाहेर आली, काळीज सुटं झालं, आणि ते मी पळसाच्या पानावर ठेवलं. सांबराच्या काळजाला पित्ताची पिशवी नसते. त्यामुळं ती फुटायची, मटण कडू व्हायचं भय नाही.

राहिलं होतं खुब्यातलं हाड. कंबरेला हात लावला तर कोयता नाही.

खडक फार तर पाव कोसावर होता. जाऊन आणता आला असता. पण बल्ली घेऊन लोक परत येतील, सुरीवाला जनावर अर्धं टाकून कोयता शोधत हिंडतोय हे बघतील, आणि तेही माझ्या पहिल्याच दिवशी. मी सुरीचं टोक हाडाच्या सांधीत घातलं. दगड घेतला. पाठीवर एक ठोका, दोन, तीन. टोक आत रुतलं. मग मी पिळली.

आवाज अगदी बारीक आला. सुपारी फोडल्यासारखा.

टोक हाडातच होतं, नखाएवढं. मी ते उकरून काढलं आणि चंचीत, सुपारीच्या खांडात टाकलं. लोक आले. त्यांनी मोडकी सुरी बघितली. भरमू आण्णा एवढंच म्हणाला, "देवळात बोलू." बल्ली उचलली. ओढ्यावर सगळे हात धुवायला वाकले, मीही वाकलो, आणि सुरीच्या पाठीवर उठलेले दगडाचे वळ वाळूनं घासून काढले. रक्त धुतोय असं दिसत होतं.

देवळापुढं गाव जमला होता. बायजामामी एका बाजूला उभी होती. हातात पितळेचं भांडं, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. काळीज न्यायला आणलं होतं तिनं. सटुप्पा तिच्या पुढं. अंगात धुतलेली बंडी. सुरी मोडल्याचं त्याला वाटेतच कुणी सांगितलं असावं, कारण तो माझ्याकडं न बघता माझ्या कंबरेकडं बघत होता. सुरी तिथं होती.

भरमू आण्णानं ती घेतली, देवाच्या पायरीवर ठेवली.

"दौलू. हात की लोखंड?"

पायरीच्या कडेला माझा बाप बसला होता. त्याला धड दिसत नव्हतं, पण तोंड माझ्या दिशेला होतं.

"लोखंड," मी म्हणालो.

लोक चुळबुळले. सटुप्पा पुढं आला, "बघू?" म्हणाला आणि सुरी उचलली. मोडल्या जागेकडं डोळे बारीक करून बघितलं. अंगठा पाठीवरून फिरवला, एकदा, परत एकदा.

"पाठ घासलीस?"

"रक्त धुतलं."

"टोक कुठं हाय?"

"रानात. उडालं कुठंतरी."

"टोक बघितल्याबिगार मला कळायचं न्हाई," तो म्हणाला. हे तो मला म्हणाला नाही, आण्णालाही नाही. सुरीलाच म्हणाल्यासारखं म्हणाला. "हिकडची बाजू अर्धंच सांगती. टोकाला पीळ पडलाय का बघाय पायजे. आण्णा, उद्या दोघं जाऊन हुडकू."

भरमू आण्णा विचारात पडला. मला दिसलं, तो 'हो' म्हणणार. चंची माझ्या मांडीला लागत होती. मग मी जे केलं ते मला सगळ्यात चांगलं येत होतं.

"हुडका की," मी म्हणालो. "पण टोक घावायचं न्हाई आण्णा, ते लई लांब गेलंय. काय झालं सांगू का? मी सुरी पोटाला टेकवली. कापेना. इकडनं घासली, तिकडनं घासली. आणि सांबर हसाय लागलं!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"आईशप्पत. मेलेलं सांबर. गुदगुल्या झाल्या त्याला! आधी गालात हसलं. मग म्हणतंय कसं, दौलू, पुरं कर लेका, मेलोय मी, पण असं मारू नकोस. आणि जे पोट हलवून हसलं," इथं मी सांबराचं हसणं काढून दाखवलं, नाकातून, मान मागं टाकून, "त्या हिसक्यानं टोक उडालं ते थेट आजऱ्याला!"

देवळापुढं हशाचा भडका उडाला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. भरमू आण्णाच्या मिश्या दुसऱ्यांदा हलल्या. हसणारा माणूस चौकशी करत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फक्त तिघं हसले नाहीत. सटुप्पा, बायजामामी, आणि माझा बाप.

"भाता आण," आण्णा डोळे पुसत सटुप्पाला म्हणाला. "रीत हाय बाबा. काय करणार."

सटुप्पानं भाता डोक्यावरून आणून गाभाऱ्याच्या भिंतीला लावून ठेवला. बायजामामी रिकामं भांडं पोटाशी धरून त्याच्यामागून गेली. लोखंड म्हटल्यावर काळीज सुरीवाल्याला, तेव्हा ते माझ्या घरी शिजलं. मला ते कडू लागलं. आईला म्हणालो, तर तिनं चाखलं आणि म्हणाली, "कडू कुठं रं? गोड हाय की."

बाप जेवला नाही. झोपायला जाताना म्हणाला, "सांबर हसत न्हाई." बावीस शब्दांतले तीन.

भाता वर्षानं परत मिळाला. पण त्या वर्षात लोकांना आजऱ्याच्या बाजारातल्या तयार विळ्या-खुरप्यांची सवय लागली होती. आणि गुदगुल्या तर गावात राहूनच गेल्या. "काय सटुप्पा, गुदगुल्याची खुरपी हाईत का?" "मामा, म्हातारी हसत न्हाई आमची, जरा तुमची विळी द्या." मी काही म्हणायचो नाही. माझं म्हणून झालं होतं. लोकच म्हणायचे, आणि म्हणून झालं की कौतुकानं माझ्याकडं बघायचे.

दुसऱ्या वर्षी सटुप्पा आणि बायजामामीनं गाव सोडलं. बेळगावात कुठल्याशा कारखान्यात काम मिळालं होतं. ऐरण गाडीत चढवायला चार माणसं लागणार होती, तीन आली, चौथा मी गेलो. का गेलो ते विचारू नका. भट्टीत तेव्हा थोडा विस्तव होता.

"सुरी हाय तुझ्याजवळ?" सटुप्पानं विचारलं.

होती. मोडकी सुरी मी टाकली नव्हती. तो ती घेऊन खाली बसला. मोडलेलं तोंड घासून त्यानं नवं टोक काढलं, तसंच, जरा खाली झुकलेलं. परत तापवलं, पाणी दिलं, गव्हाचा रंग येईपर्यंत बघितलं. गाडीवान ओरडत होता. सटुप्पाला ऐकू येत नव्हतं.

"माझं काम मोडकं ठिवून मी जाणार न्हाई," तो म्हणाला. सुरी माझ्या हातात देताना त्यानं ती सोडली नाही. दोघांच्या हातात ती एक क्षण राहिली.

"दौलू, टोक घावलं का रं कधी? रानात हिंडतोस तू."

चंची माझ्या कंबरेलाच होती.

"न्हाई मामा."

"घावलं तर ठिवून दे. मला बघायचंय."

त्यानंतर सतरा-अठरा वर्षं गेली. शिकारीला बंदी येऊन जुनी झाली होती, माझा बाप, भरमू आण्णा दोघं गेले होते, आणि मी बेळगावात एका लग्नाला गेलो असताना लोहारांची खोली शोधत शोधत गेलो. सटुप्पा नव्हता. दोन वर्षांमागं वारला होता. बायजामामी एका खोलीत राहत होती. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं. ज्या भांड्यातून ओतलं ते मी ओळखलं.

मी चंचीतून टोक काढून तिच्या पुढं ठेवलं.

"मामी, हात होता."

तिनं ते बोटानंसुद्धा हलवलं नाही.

"मला ठाव हुतं. मी भांडं घिऊन हुबी हुते तवा तू सारका चंचीला हात लावत हुतास."

"मामांना सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. हज्जारदा सांगितलं. पण त्यो लोहार, मी बायकू. त्यो म्हणायचा, बायजे, तुला माणूस कळतो, लोखंड कळत न्हाई. रवळनाथाच्या पायरीवर कोण खोटं बोलंल? माझ्याच हातनं पाणी जादा झालं असंल." तिनं भांडं बाजूला सरकवलं. "कारखान्यात त्येला भट्टीवर घेत हुते. चांगला पगार. न्हाई म्हणाला. माझं पाणी चुकतंय म्हणाला. शेवटपातूर नुसता माल उचलला त्येनं. मरायच्या आदल्या दिशी मला इचारलं, लोखंडच असंल ना गं?"

खोलीबाहेर कुणाची तरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"हे ठिवून घ्या मामी," मी म्हणालो.

"मी काय करू? मला त्यातलं वाचता येत न्हाई. ज्येला येत हुतं त्यो गेला." मग पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मला कशाला सांगतोस? जिथं इचारलं हुतं तिथं सांग."

मी सांगितलं. ताबडतोब नाही. त्यालाही मी तीसेक वर्षं घेतली. परवाच्या उत्सवात, देवळापुढं पन्नास-साठ माणसं जेवून बसली होती आणि भरमू आण्णाचा नातू विलास म्हणाला, "आजोबा, होऊन जाऊ द्या एक." मी उठून त्याच पायरीशी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. काडी, करंजाचं तेल, खडकावर राहिलेला कोयता, दगड, पीळ, वाळू. चंचीतून टोक काढून विलासच्या हातावर ठेवलं. म्हणालो, "लोखंड न्हवतं. हात होता. हा."

आणि उजवा हात वर केला.

 मग मागून कुणीतरी टाळी वाजवली.

"च्यायला, आजोबा! ह्या खेपेला वस्तूसकट!"

"टोकबी आणलंय बघा म्हाताऱ्यानं. कुठल्या विळीचं मोडलंत?"

"डोळ्यांत पाणी काय आणलंय! मी तर फसलोच हुतो."

टोक हातोहात फिरत गेलं. जो तो बघायचा, हसायचा, पुढं द्यायचा. मी ओरडून म्हणालो, "अरं खरं हाय हे!" त्यावर तर सगळ्यात मोठा हशा झाला. माझी प्रत्येक गोष्ट मी त्याच वाक्यानं संपवतो. टोक माझ्याकडं परत आलं नाही. कुठल्या तरी हातातून खाली पडलं असेल, पत्रावळीबरोबर गेलं असेल.

"पण आजोबा," विलास माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ही जरा रडवी झाली. सणासुदीचं नको. ती आमच्या आज्याच्या वेळची सांगा की. हसणाऱ्या सांबराची."

"सांगा, सांगा!" सगळे ओरडले. पुढची माणसं सरकून जवळ आली.

मी सांगितली. सांबराचं हसणं मला अजून उत्तम काढता येतं.